कोन बोलतंय?

टीव्हीवरच्या चित्राचे चौकोन चौकोन झाले की तो आधी ओठांवर बोट ठेवायचा. पडद्यावर नायिकेचा डोळा कानापाशी गेलेला, सासूची हनुवटी कपाळावर चढलेली, घरात आम्ही सगळे एकदम तक्रार सांगतोय; आणि हा मान तिरकी करून, डोळे मिटून, त्या फुटक्या चित्रालाच विचारणार, "कोन बोलतंय?"

तो आमचा केबलवाला. खाडीकाठच्या सारसोळे गावचा. म्हणजे नेरूळमध्ये इमारती उगवण्याच्या आधीपासूनचा, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. "दादूस, तुमचा हॉल हाय ना, हितंच आमचा बा चिंबोऱ्या धरायचा," असं तो आमच्याच सोफ्यावर बसून अशा सुरात सांगायचा, की उठून त्याला जागेचा ताबा देऊन टाकावा असं मला वाटे. घरातसुद्धा काळा गॉगल, बोटांत अंगठ्या, आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेला, सिग्नल तपासायचा लहानसा पडदा. तो छातीशी धरून जिना चढताना तर तो गणपती आणायला निघाल्यासारखाच दिसायचा.

'कोन बोलतंय'चं मूळ खाडीत होतं. "बा वल्हं पान्यात सोडायचा आनि दांड्याला कान लावायचा. मासा बोलतो, दादूस! आधी इचारायचं कोन बोलतंय, मंग जालं टाकायचं." खरंखोटं खाडीला माहीत. पण टीव्ही बिघडला की हा गृहस्थ वायरीच्या टोकाशी असा काही कान न्यायचा, की आमची ही हळूच मला विचारायची, "पापलेट म्हणतोय का सुरमई?"

तर एकदा काय झालं, रोज संध्याकाळी, भजनाच्या वेळेला, अख्ख्या इमारतीतले टीव्ही फुटायला लागले. खाली सोसायटीच्या हॉलमध्ये साताऱ्याकडच्या मंडळींचं भजन असतं. त्यांनी नुकताच बिनवायरचा माइक घेतला होता. आता तुम्हीच सांगा, चोर शोधायला आणखी काय लागतं?

आमच्या केबलवाल्याने भर भजनात माइककडे बोट दाखवलं. "ह्योच बोलतंय!"

भजनाच्या मुख्य मावशी उठल्या. "देवाच्या नावानं तुजं चित्र फाटतंय व्हय रं?" त्यांनी माइक बंद केला, त्याच्या हातात दिला आणि पुढचा अभंग नुसत्या गळ्याने म्हटला. मावशींची हयात एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हाका मारण्यात गेलेली. माइकची गरज मुळात होती का, असाच प्रश्न पडला. आणि वर आमच्या घरात चौकोन जसेच्या तसे!

"सापडला का चोर?" मावशींनी विचारलं.

"गावंल," तो म्हणाला. "नाय गावला तर गॉगल उतरवून फेकीन."

मग त्याने घराघरातला वायफाय, घराघरातली बेल, घराघरातला मेन स्विच बंद करायला लावला. हा जिन्यात उभा राहून ओरडणार, "बंद केलंय! गेलं काय?" आणि आमच्या टीव्हीवर पहाऱ्याला बसलेली आमची ही उलट ओरडणार, "नाही! सासू अजून फुटलेलीच!" एकेक घर निर्दोष सुटत गेलं. लोक म्हणाले, पुरे आता, डिश लावू. त्याने ऐकलं नाही. संध्याकाळ झाली की पडदा गळ्यात घालून हजर. सोबतीला मी. मला काय, मजाच होती.

त्या भजनात अप्पा टाळ वाजवत. मार्केटमधून निवृत्त झालेले, अबोल. एका कानात कायम वायर. सगळ्यांची खात्री होती की हे मॅच ऐकतात. मावशी टोमणा मारत, "अप्पा, एका कानात देव आन् एका कानात क्रिकेट! कुनाला औट करायचं ते ठरवा." अप्पा नुसते हसत.

एका संध्याकाळी आम्ही दोघं हॉलच्या दाराशी उभे होतो. अभंग मध्यावर असतानाच अप्पांनी टाळ खाली ठेवले आणि गुडघेदुखी विसरून जिन्याकडे धावले. जरा वेळाने वरून आमच्या हिची हाक आली, "अहो, आलं! स्वच्छ आलं!"

केबलवाल्याने गॉगल काढला. त्याचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

अप्पांचं दार उघडंच होतं. पलंगावर त्यांच्या पत्नी, आक्का होत्या. आजारपणात त्यांचा आवाज गेला होता, उठता येत नव्हतं. अप्पा त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. उशाशी एक पांढरा डबा होता, अप्पांनी आल्या आल्या बंद केलेला. दुसऱ्या खोलीतलं तान्हं रडलं तर ऐकू यावं म्हणून असतो तसला. परदेशातल्या मुलीने पाठवलेला, बॅटरीवर चालणारा. म्हणून मेन स्विच बंद करूनही तो पकडला गेला नव्हता. अप्पांच्या कानातली वायर त्याच्या जोडीच्या, खिशातल्या डब्याची. मॅच नव्हे, आक्कांचा खोकला.

अप्पांनी आम्हाला पाहिलं आणि हात जोडले. "मीच हाय त्यो चोर. सांगायचं धाडस न्हाई झालं. आता लावत न्हाई. भजनाला बी येत न्हाई."

दिवसभरात तेवढंच त्यांचं घराबाहेर पडणं होतं. मी काहीतरी समजूतदार बोलायला तोंड उघडलं, तर हा गरजला, "बंद करा कोन बोललं? मासा बोलला तर मासा गुन्हेगार? आपला कान फाटका हाय!"

म्हणजे असं, की डबा आपला हळूच बोलत होता. आमच्या वायरींचे जोड उघडे पडले होते, ते नको ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो एकेक जोड उघडायला बसला. आमच्या घरातला जोड बघून तर किंचाळलाच, "जल्ला! कुठच्या गाढवानं पिलगटलंय ह्ये?"

"तूच," आमची ही म्हणाली.

त्याने जोड पुन्हा निरखून पाहिला. "बराबर हाय. तवा मी गाढवच होतो."

सगळ्या इमारतीचे जोड त्याने नव्या पिना लावून बंद केले, वायरींपासून आक्कांचा डबा लांब सरकवला. त्या संध्याकाळी खाली माइक चालू, मावशी चालू, अप्पांचे टाळ चालू, उशाशी डबा चालू; आणि आमच्या पडद्यावर सासूची हनुवटी जागच्या जागी. त्याने ओठांवर बोट ठेवलं, ऐकलं, आणि म्हणाला, "बोला, बिनधास्त बोला!"

पुढे सोसायटीने केबल काढून फायबर घेतलं. आपल्या वायरी सोडवून न्यायला तो एका संध्याकाळी आला, त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. आक्का त्याआधीच गेल्या होत्या.

त्या संध्याकाळीही खाली भजन चालू होतं. त्याने आमच्या वायरीची पिन कापली आणि सवयीने उघडं टोक गळ्यातल्या पडद्याला टेकवलं. चित्र आलं आणि लगेच चौकोन चौकोन होऊन फुटलं. त्याचं बोट ओठांवर गेलं.

या वेळी मीच विचारलं, "कोण बोलतंय?"

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. हॉलच्या दारात बसून अप्पा टाळ वाजवत होते. कानात वायर होती.

"कोन नाय," तो म्हणाला.

मग खिशातून टेप काढून त्याने ते उघडं टोक घट्ट गुंडाळलं, अंगठ्याने दाबून पुन्हा पाहिलं, आणि वायर खांद्यावर टाकली. भंगारात जायची वायर ती. तिला टेप कशाला, हे मी विचारलं नाही. जिना उतरताना, हॉलसमोरून जाताना, त्याने गॉगल चढवला.