मोरव्याची अंबिका

अंबिकाबाईंचं माहेर मोरवा, भाईंदरमधल्या नवघरच्या त्यांच्या बिल्डिंगपासून असं किती लांब? रिक्षात बसलं की आलं. पण कित्येक वर्षं त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. भांडण म्हणाल तर कुणाशीच नाही हो! आई गेली, भावाने घर विकलं आणि तो मुलाकडे अलिबागला राहायला गेला. मग जायचं तर कुणाच्या दारात? आपणहून जायला मन धजेना, आणि बोलवायला कुणी आलं नाही.

शेजारणींना तर त्या गिरगावच्याच वाटायच्या. लग्न होऊन गिरगावच्या चाळीत गेल्या, तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "ते गावाकडचं हाय-न्हाय इथे चालणार नाही हं." सासू प्रेमळ, पण जिभेला धार! अंबिकाबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे नवरा-बायको नवघरला फ्लॅट घेऊन आले, तरी त्यांच्या तोंडून एक 'न्हाय' म्हणून निसटलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला शेजारच्या हेमालीने टूम काढली. "हर छुट्टी में मॉल क्या जाना? इस बार पुराना भाईंदर देखेंगे. मोरवा गाँव, पुराने घर, खाडी! अंबिकाबेन, आपने तो देखा ही नहीं होगा."

हसावं की रडावं, अंबिकाबाईंना कळेना. घरात त्यांचे यजमान जयकुमार म्हणाले, "अगं, सांगून टाक ना, माझंच गाव आहे म्हणून."

"आणि तिथे कुणी मला ओळखलंच नाही तर? चारचौघींत शोभा व्हायची."

दुखणं ते होतं. स्वतःच्या गावात पाहुणी म्हणून उभं राहायचं आणि गावानेही पाहुणीच समजायचं, ह्याच्यापरीस न गेलेलं बरं, असं त्यांना वाटायचं. तरी गेल्या. राहवलं नाही, म्हणून गेल्या.

हेमाली आणि वरच्या मजल्यावरची पिंकी दिसेल त्याचे फोटो काढत होत्या. कौलारू घर दिसलं, काढ फोटो. वाळत घातलेलं जाळं दिसलं, काढ फोटो. अंबिकाबाई मुकाट्याने मागून चालत होत्या. आईच्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी होती. तिच्याकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

पुढच्या वळणावर, ओट्यावर शांताबाई सुकट निवडत बसली होती. आईची जिवाभावाची मैत्रीण! हिच्या हातची भाकरी खाऊन अंबिका वाढलेली. म्हातारी पार वाळून गेली होती, पण बसण्याची ऐट तीच.

"आंटी, फोटो लूँ?" हेमालीने विचारलं.

"काढ गो, काढ." म्हातारीने मान वर केली, तिघींवरून नजर फिरवली आणि पुन्हा सुकटीत हात घातला.

नाहीच ओळखलं! अंबिकाबाई निघायला वळल्या. झालं, म्हणजे संपलंच की सगळं. आता इथून लवकर निघू या, एवढंच त्यांना वाटलं.

पण सवाष्णी दारावरून तशाच कशा जातील? शांताबाईने सुनेला हाक मारून करंडा आणवला. सुनेने हेमालीला कुंकू लावलं, पिंकीला लावलं. अंबिकाबाई पुढे झाल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला.

"काढ तो पदर!" शांताबाई अशी कडाडली की सुनेचा हात वरच्या वर राहिला. "गावची लेक कवा डोक्यावर पदर घेते काय? सुना घेतान पदर! सुनेसारी उभी रातेस माझ्या दारात?"

अंबिकाबाईंचा पदर हातातून सुटला.

"मावशे... वळखलंस तू मला?"

"आळीत शिरलीस तवाच वळखलं. म्हटलं, बगू या, कवा तोंड उघडते ही. दगडासारी गप!"

"न्हाय गो मावशे," अंबिकाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, आणि मग रडू काही आवरेना. "आय न्हाय, घर न्हाय. कोनाच्या दारात येऊ मी?"

हेमालीचा फोन हातातच राहिला. ही कुठली अंबिकाबेन, तिला कळेना.

शांताबाईने सुकटीची टोपली बाजूला सारली आणि ओट्यावर जागा केली.

"तुझी आय मेली गो," ती म्हणाली, "मी न्हाय मेलेली."