दोघींत एक गोळी

पुण्याहून कागद तपासायला येणारे लोक म्हणायचे, तुमच्या केंद्राचे कागद सगळ्यांत स्वच्छ. मला ते आवडायचं. मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या अलीकडे, एका लहानशा रुग्णालयात मी तेव्हा हृदयविकाराच्या एका अभ्यासाचं काम बघत होते. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आम्ही अकोल्याहून आलेलो, नवरा हिंजवडीत नोकरीला. कंपनीची गाडी त्याला सातला घेऊन जायची आणि साडेसातला मी स्कूटर काढून उलट्या दिशेला निघायचे. डब्याखाली पर्समध्ये त्या दिवसाची यादी असायची: कोण येणार, कोणाचं रक्त घ्यायचं, कोणाचा इसीजी, कोणाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

अभ्यासातलं औषध नवं नव्हतं. ज्यांचं हृदय कमजोर झालंय, म्हणजे रक्त जोराने ढकलू शकत नाही, त्यांना ठोके सावकाश करणारी एक गोळी देतात. ती अगदी थोड्या मात्रेत सुरू करून दर पंधरा दिवसांनी वाढवायची असते. शहरात ती वाढवली जाते. खेड्यातला रुग्ण मात्र पहिल्याच मात्रेवर वर्षानुवर्षं राहतो, कारण पुन्हा कोणी बघतच नाही. मग परिचारिकेनेच नाडी, रक्तदाब, वजन आणि पायांची सूज बघून, ठरलेल्या नियमाने मात्रा वाढवली तर फरक पडतो का? एवढाच प्रश्न होता. परिचारिका मी. गुरुवारी हृदयाचे डॉक्टर पुण्याहून यायचे आणि माझ्या नोंदींवर सही करायचे.

नियमांत एक नियम गोळ्या मोजण्याचा होता. रुग्णाने उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या. मी त्या टेबलावर ओतून मोजायचे. दिल्या किती, दिवस किती झाले, उरायला किती हव्यात, उरल्या किती. हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत बजावून सांगायचे, "एकसुद्धा कमी-जास्त चालणार नाही हं."

घोटावड्याकडच्या एका वाडीतल्या मावशी आल्या तेव्हा त्यांना टेबलावर आडवं होता येत नव्हतं. आडव्या झाल्या की गुदमरायच्या. पन्नाशीच्या असतील. घरची मेंढरं-शेळ्या, थोडी शेती, हंगामात रोजगाराला जायचं. त्यांचा इको बसल्या बसल्याच करावा लागला. हृदय मोठं झालेलं आणि ढिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, काय त्रास होतो सगळ्यात जास्त?"

"घरात बसायचा," मावशी म्हणाल्या. "मेंढरांमागं जाया मिळना मला. भाकऱ्या थापून थापून जीव कटाळला. तेवढं जाया आलं म्हंजी बास."

"जाल. सहा महिने द्या मला."

"सा म्हैने? मेंढरू बी पाच म्हैन्यात वितंय!"

डॉक्टर इतके हसले की त्यांना स्टेथोस्कोप परत लावावा लागला.

मावशींच्या सोबत दर वेळी त्यांची धाकटी जाऊ यायची. पंचविशीची, काटकुळी, मावशींना आक्का म्हणणारी. पिशवी तिच्याकडे असायची. रुग्णालयाला पाच पायऱ्या होत्या. मावशी कठड्याला धरून एकेक चढायच्या आणि धाकटी खालच्या पायरीवर बसून राहायची. आक्का वर पोचली की मग उठायची. मला वाटायचं, थोरल्या जावेच्या पुढे जायचं नाही म्हणून थांबत असेल. छान रीत आहे, असंही मनात आलेलं आठवतं.

मावशींच्या गोळ्यांचा हिशेब आमच्या अख्ख्या केंद्रात नमुनेदार होता. एकही गोळी इकडची तिकडे नाही. पट्ट्या फडक्यात गुंडाळून, दोऱ्याने बांधून आणायच्या. पण नाडी उतरेना. दर पंधरा दिवसांनी मी नाडी मोजायचे, ती तेवढीच धावत असायची, आणि नियमाप्रमाणे मी मात्रा वाढवायचे. चार महिन्यांत गोळी सुरुवातीच्या चौपट झाली. मावशी आता आडव्या होऊ शकत होत्या, सूजही थोडी उतरली होती, पण त्याचं श्रेय लघवी वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाला होतं. हृदय होतं तसंच ढिलं.

"गोळी घेतात ना नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

मी वही त्यांच्यापुढे केली. "सगळ्यात चोख हिशेब यांचाच आहे."

त्यांनी पानं चाळली. "मग या बाईंना ही गोळी लागू पडत नाही, असं म्हणावं लागेल. पुढच्या इकोपर्यंत बघू. नाहीतर मी त्यांना मेंढरांचं वचन द्यायला नको होतं."

बाहेर बाकावर मावशी विचारत होत्याच, "ताई, कवा जाऊ मी?" मी म्हटलं, बघू.

त्यानंतरच्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. रुग्ण चुकला तर तीन दिवसांत घरी जाऊन बघायचं, हाही नियम. शनिवारी सकाळी मी वाडीवर गेले तर घराला कडी. शेजारणीने सांगितलं, मेंढरं नांदे गावच्या एका शेतकऱ्याच्या रानात बसवलीत, खतासाठी. सगळी तिकडंच हायेत. मी स्कूटर वळवली. नांद्याच्या त्या रानाला लागूनच एका इमारतीचा पाया खोदत होते. एका बाजूला मातीचे ढिगारे, दुसऱ्या बाजूला जाळीच्या आत मेंढरं, आणि मधे तीन दगडांवर चूल. दोघी जावा नुकत्याच भाकरी खाऊन उठत होत्या.

"आवं ताई, हितं कशा?" मावशींनी पोतं झटकून अंथरलं. "बसा. ह्यो शेतवाला गुरवारी मेंढरं सोडूच देईना. म्हनला, आजची रात बसवा अजून. मग कसं येनार मी?"

"ठीक आहे. गोळी घेतली का सकाळची?"

"आता घेती की."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, पट्टीतून एक गोळी काढली, सपाट दगडावर ठेवली. मग शेजारी पडलेली लोकर कातरायची मोठी कात्री उचलली आणि तिच्या टोकाने गोळी कट्कन फोडली. एक तुकडा तोंडात टाकला. दुसरा तुकडा धाकटीच्या पसरलेल्या तळहातावर.

दोघी एकाच तांब्यातलं पाणी प्यायल्या.

मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"गोळी."

"ते कळलं मला. तिला कशाला?"

"तिला बी दम लागतुया. माज्यापरीस जास्त. पयल्याच म्हैन्यात देऊन बघितली, तर दोन-चार दिसांत हिला उतार पडला."

"अहो, पण औषध वाटून खायचं नसतं!"

"का न्हाई?" मावशींना खरोखरच कळेना. "आमच्यात बाहेरनं आलेली वस्तू येकल्या जावंनं घ्यायची न्हाई. लुगडं आलं तर दोगींला, बांगड्या भरल्या तर दोगींला. सासूबायची शिस्त हाय."

"सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली?"

"धा," धाकटी तोंडावर पदर धरून म्हणाली. "पर आक्का अजून भित्यात."

"तू गप. आन ताई, तुमी सांगितलं मोजून आना. आजपातुर येक तरी कमी भरली का? सांगा की."

"मेंढरू आडवं आलं तर हाकलून मग गोळी फोडतो आमी," धाकटी म्हणाली. "येक बी सांडली न्हाई."

उद्यापासून अख्खी गोळी तुम्हीच घ्यायची, हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं आणि मी ते तिथेच आवरलं. नाडी उतरत नाही म्हणून मी मात्रा चौपट केली होती. मावशी प्रत्यक्षात निम्मी घेत होत्या. मी आता रागाच्या भरात त्यांना अख्खी घ्यायला लावली असती तर त्यांच्या हृदयावर एका दिवसात दुप्पट मात्रा पडली असती. ही गोळी हळूहळू वाढवायची असते, यासाठीच तर सगळा अभ्यास होता.

मी बांधावर रेंज शोधत डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "दोघींची नाडी आणि रक्तदाब घ्या. सध्या आहे तसंच चालू दे, काही बदलू नका. सोमवारी दोघींना पुण्याला आणा. लक्षात ठेवा, दोघींना."

मी मावशींना सोमवारचं सांगितलं. त्यांनी मान वाकडी केली. "हिला बघनार असाल तर येती. न्हाईतर मला बी नको तुमची गोळी."

"तेच सांगतेय, मावशी. दोघींना बोलावलंय."

"मंग आसं आदी सांगायचं."

रविवारी घरी बसून मी नियमभंगाचा अहवाल लिहिला. चार महिन्यांचे सगळे आकडे खोटे होते, आणि सगळ्यांत चोख म्हणून मी मिरवलेले. हे लिहिल्यावर मावशींना अभ्यासातून काढतील, त्यांच्या तपासण्या बंद होतील, ही भीती होती. न लिहून पुढच्या भेटीपासून गुपचूप नीट सुरू करता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण मग ही गोळी अशा रुग्णाला लागू पडत नाही, असं एका बाईच्या नावावर कायमचं लागलं असतं, आणि उद्या दुसरा कोणी डॉक्टर तिची मात्रा वाढवताना तेच वाचून थांबला असता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'रुग्णाला गोळ्या मोजायला सांगितलं. त्या कोणी खायच्या हे सांगितलं नाही. चूक सूचना देणारीची.'

सोमवारी पुण्यात आधी धाकटीचा इको झाला. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तिला विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का कधी?"

"व्हय. गुडघं. दोन म्हैने चालाया येत नव्हतं. आय म्हनायची, रानात लई फिरती म्हनून."

त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप लहानपणीच्या त्या सांधे सुजवणाऱ्या तापाने चिकटून अरुंद झाली होती. सताड उघडायला हवं ते दार फटीएवढंच उघडत होतं. गोळीने ठोके सावकाश झाले की रक्ताला त्या फटीतून जायला जास्त वेळ मिळायचा, म्हणून तिला उतार पडत होता. पायरीवर ती का बसून राहायची, ते मला तेव्हा कळलं. चार महिने ती दर पंधरा दिवसांनी माझ्या डोळ्यांसमोर दम खात होती आणि मी तिला पिशवी सांभाळायला सांगत होते.

"हिची झडप गोळीने उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मांडीच्या शिरेतून नळी घालायची, टोकाला छोटा फुगा असतो, तो झडपेत नेऊन फुगवायचा. चिकटलेलं सुटतं. छाती कापायची नाही."

"काळजात फुगा?" धाकटीचे डोळे मोठे झाले. "आन फुटला तर?"

"तुला जत्रंतला वाटला का त्यो?" मावशींनी तिला दटावलं, आणि मग हळूच डॉक्टरांकडे वळून विचारलं, "न्हाई ना वो फुटत?"

मावशींना अभ्यासातून काढलं नाही. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीने माझा अहवाल जोडून घेतला आणि मावशींची मात्रा खरोखर जिथे होती तिथपासून पुन्हा चढवायला सांगितली. धाकटी अभ्यासात बसत नव्हती. तिचा आजारच वेगळा. तिच्यासाठी मी वेगळी फाइल केली: धर्मादाय खाटेचा अर्ज, शिधापत्रिकेची प्रत, तलाठ्याचा दाखला, रक्ताचे रिपोर्ट, घरच्यांच्या सह्या. महिन्याभरात तिची झडप फुग्याने उघडली. पुढच्या गुरुवारी ती त्या पाच पायऱ्या चढून वर आली आणि वरून आक्काला हाका मारू लागली.

पहिल्या भेटीच्या कागदात मी एक प्रश्न वाढवला: घरात अजून कोणाला दम लागतो का? काही जण आधी चपापायचे, मग सांगायचे. एका आजोबांनी तर लगेच सांगितलं, "बायकोला लागतुया, पर ती तुमाला सांगू देईना."

मावशींच्या गोळीची आता फाळणी नव्हती. धाकटीची औषधं वेगळ्या डबीत, वेगळ्या रंगाची. सासूबाईंची शिस्त मोडल्यासारखं मावशींना वाटू नये म्हणून मी दोघींना एकाच दिवशी, एकाच वेळी औषधं द्यायचे. नाडी पंधरवड्या-पंधरवड्याने उतरत गेली. मी मोजताना घड्याळाकडे बघत मनात आकडा धरायचे आणि तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला की तोंडावर काही दिसू द्यायचे नाही, कारण मावशी माझ्या तोंडाकडेच बघत असायच्या.

चार महिन्यांनी पुन्हा इको झाला. या वेळी मावशी सरळ आडव्या झाल्या, धाकटी त्यांचा पदर सावरत शेजारी उभी. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बघा मावशी. पहिल्यापेक्षा जोर धरलाय. अगदी पूर्ण नाही, पण चांगला."

मावशी त्या हलणाऱ्या करड्या आकृतीकडे बघत राहिल्या. "ह्ये माजं काळीज?"

"तुमचंच."

"मंग जाऊ का मेंढरांमागं?"

"सपाटीला जा. दुपारच्या उन्हात नाही. गोळी चुकवायची नाही."

"आन टेकाड?"

"टेकाड पुढच्या इकोनंतर."

"टेकाडावर मी नेती," धाकटी म्हणाली. "तुमी खाली बसून मोजा, किती आली माघारी."

"मोजायचं ह्यांच्याकडनं शिकले मी," मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

पुढच्या भेटीची त्यांची वेळ दहाची होती. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, मी यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली. पावणेबाराला दोघी आल्या, पायांवर घोट्यापर्यंत धूळ, मावशींच्या लुगड्याला कुसळं चिकटलेली. मी घड्याळ दाखवलं.

"मेंढरं रानात पोचवून आले," मावशी म्हणाल्या. "धाकली नव्हती संगट. येकलीच गेले."

मी त्यांना पाच मिनिटं बसायला सांगितलं, मग नाडी मोजली. चौसष्ट. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पावणेदोन तास उशीर. कारण योग्य.' डॉक्टरांनी ते वाचलं आणि काही न विचारता खाली सही केली.