डहाळी सोडायची राहून गेली

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे हे लिहिताना मला किती अवघड वाटतंय ते कळेल. मी आष्ट्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. साप दूध पीत नाही हे दर नागपंचमीला फळ्यावर चित्र काढून समजावणारा मास्तर मीच. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्यामुळे घरात करणी, बाहेरची बाधा असला विषय निघाला की त्यावर पाणी ओतायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आणि मी ते आवडीनं केलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण दादाचं काय करायचं हा प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दहावी झाल्या झाल्या फौजेत भरती झाला. तो तिकडे बर्फात उभा राहिला म्हणून मी इकडे कॉलेजच्या बाकावर बसू शकलो, भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो घरी आला, पण उसाला पाणी पाजून त्याचा दिवस संपेना. मग आम्ही दोघांनी गिअरच्या सायकली घेतल्या. आधी आष्टा ते कुंडल, मग लांब लांब. तो कायम पुढे, मी मागे. दम लागून मी थांबलो की तो वळून ओरडायचा, "काय मास्तर, तास संपला व्हय?"

गेल्या वर्षी भाद्रपदात शाळेला जोडून सुट्टी आली. मी बेत ठरवला – आष्ट्याहून शिराळा, तिथे मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी गुढे-पाचगणीचं पठार चढायचं, पलीकडे ढेबेवाडीच्या बाजूला उतरायचं आणि कराडमार्गे परत. मला लाव्हाचे थर बघायचे होते, मुलांना दाखवायला फोटो हवे होते. दादा म्हणाला, "दगूड बघाय एवढ्या लांब? आपल्या विहिरीत काय कमी हायती?" पण आला.

पठारावर पोचलो तेव्हा सकाळ उलटून गेली होती. धुकं एवढं, की पवनचक्क्या दिसत नव्हत्या. पाती फिरल्याचा घूं घूं आवाज तेवढा डोक्यावरून यायचा. काळ्या कातळावर बसून मावशीनं दिलेल्या भाकरी सोडल्या. मी दादाला सांगायला लागलो की हे सगळं ज्वालामुखीचं काम आहे, जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा त्यावर वाहिला...

"म्हंजी आपुन तव्यावर बसलोय म्हण की," दादा म्हणाला. "निवला का बघून बसायचं रं आधी."

हसत हसतच उठलो. पाऊस भुरभुर चालू झाला होता.

घाट सुरू झाल्यावर थोडं खाली एका ठिकाणी डोंगर कापून रस्ता नेलाय. तिथे दोन काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा सुरेख दिसत होता. मला तोच हवा होता. मी सायकल उभी केली. दादा थांबला नाही. "तू दगडासंगं बोलत बस. मी खाली जाऊन च्या सांगतो," म्हणाला आणि वळणाआड गेला.

फोटो काढून मी निघालो. रस्त्यावर कडेची लाल माती वाहून आली होती. ज्यांच्या सायकलीला साधे रबरी ब्रेक आहेत त्यांना माहीत असेल, असा रेंदा चाकाला लागला की ब्रेकचे रबर बघता बघता झिजतात. माझेच किरकिरायला लागले होते, म्हणून मी अगदी हळू चाललो होतो. चिखलात दादाच्या टायरची रेघ दिसत होती.

दोन-तीन वळणं गेल्यावर त्या रेघेच्या बरोबरीनं आणखी एक खूण दिसायला लागली. खराट्यानं झाडावं तसा रुंद पट्टा. दादाची टायर-रेघ पट्ट्याच्या आत कुठे पुसली गेलेली, कुठे शिल्लक. आधी नव्हता. एका वळणापाशी एकदम सुरू झाला होता. मला वाटलं, कुणी वैरणीचा भारा ओढत नेला असेल. पण रस्त्यावर माणूस नाही, जनावर नाही. चेचलेल्या पाल्याचा ओला वास मात्र दाट येत होता. आणि खालच्या वळणांवरून, धुक्यातून, आवाज... फांदी डांबरावरून फरफटत न्यावी तसा. खर्रर्र, थोडं थांबून पुन्हा खर्रर्र. मी हाक मारली, "दादाऽ!" उत्तर आलं नाही.

तेव्हा त्या पट्ट्याचा फोटो काढायला हवा होता. सुचलं नाही. खाली पोचेपर्यंत पावसानं जोर धरला, सगळं धुऊन गेलं.

घाटाच्या पायथ्याला एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या चहाच्या शेडच्या कट्ट्यावर दादा बसला होता. सायकल आडवी पडलेली. त्याचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. हात मांडीवर दाबून धरले होते. मला समोरून येताना बघून तो आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या मागे बघायला लागला.

"तू... आत्ता आलास?"

"हो. काय झालं?"

"मग मागं कोण हुतं?"

हळूहळू सांगितलं त्यानं. एका वळणापाशी मागचा ब्रेक लागेना. पुढचा जोरात दाबला तर वायर तुटली. समोर वळण, पलीकडे दरी. "म्हटलं संपलं. बायकापोरं सुदिक आठवली न्हाईत गड्या, एवढ्या झटक्यात. आन् तेवढ्यात मागनं कॅरिअर धरलं कुणीतरी. हिसका न्हाई दिला. उतारावर गाडी मागनं दाबून धरत्यात न्हाई का, तसं. मला वाटलं तूच. मागं बघाय वळणं सोडतायत व्हय? मी आपला सगळा घाट एकच बोलतोय – सोडू नको रं, सोडू नको, धरून ठेव."

मी सायकल तपासली. मागच्या ब्रेकचे रबर लोखंडापर्यंत झिजलेले, पुढची वायर तुटून लोंबत होती. त्या उतारावर अशी सायकल थांबणं शक्य नाही. चाकात फांदी अडकली असेल म्हणून चाक, कॅरिअर, साखळी सगळं बघितलं. एक पान नव्हतं.

शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ दुधाची किटली शेजारी ठेवून पाऊस कमी व्हायची वाट बघत होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उठून दादाच्या सायकलच्या मागे जाऊन उभे राहिले.

"सोडलीसा का?" त्यांनी दादाला विचारलं.

"काय सोडू आबा? काय बांधल्यालंच न्हाई."

मग ते म्हणाले, "आमी पोरं हुतो तवा वरच्या वाड्यांचं दूध सायकलीनंच खाली यायचं. दोन अंगाला कॅन, आन् ब्रेक म्हंजी नावाला. मग कॅरिअरला जांभळीची न्हाईतर करवंदीची डहाळी बांधायची मागं. ती फरफटत यायची, सायकल आवरायची. खाली आलं की पयली गाठ सोडायची. डहाळीवर हात ठेवून म्हनायचं, झालं तुझं काम. आन् मागं न बघता निघायचं. तिला कोन घरला न्हेत नव्हतं, चुलीत घालत नव्हतं."

"का बरं?" मी विचारलं. मास्तरच ना मी.

"तिनं जीव धरल्याला असतोय आवं माणसाचा. सोड म्हटल्याबिगर कशी सोडंल?" मग दादाकडे वळून, "तुमी धर म्हनला. सोड म्हनला का?"

मी हसलो – खरं सांगतो, हसलो – आणि म्हणालो, "आबा, आधी च्या घेऊ द्या यांना." चहा झाला. वाडीतला एक टेम्पो कराडला निघाला होता, त्यात सायकली टाकून आम्ही आलो. दादानं 'झालं तुझं काम' म्हटलं नाही. मीही म्हणायला लावलं नाही. मला लाज वाटली असती.

नवे ब्रेक बसवल्यावर दादा पहिल्यांदा सायकलवर बसला, तो चौकापर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत आला. "ब्रेक घासतोय," म्हणाला. मेकॅनिकनं चाक हातानं फिरवून दाखवलं, कितीतरी वेळ फिरत राहिलं. मी बसून फेरी मारली, पिसासारखी हलकी. पुन्हा दादा बसला – उभा राहून पायडल मारावं लागलं, सपाट रस्त्यावर. मेकॅनिक म्हणाला, "दादा, तुमचंच वय झालं." दादानं त्याला एक फौजी शिवी दिली. पण हसला नाही.

मग वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, चालताना बगा तुमी ह्यांच्याकडं. पोतं वढत असल्यागत चालत्यात." मी बघितलं. खरंच, किंचित पुढे वाकून. सांगलीला नेऊन हृदय, फुप्फुस, गुडघे, मणके, सगळं दाखवलं. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मनावर भीती बसलीय, जाईल. मलाही तेच वाटत होतं. पण त्याचं वजन उतरतंय. जेवण पूर्वीएवढंच आहे, तरी सदऱ्याच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्यात.

शेवटी मी – हा असला मी – एका रविवारी त्याला म्हणालो, "दादा, चल. त्या घाटाखाली जाऊन येऊ. मागं हात नेऊन म्हण, झालं तुझं काम. खरं असो, खोटं असो. मनाचा खेळ असेल तर तेवढ्यानं मन तरी मोकळं होईल."

तो उसाच्या बांधावर बसला होता. बांधावरचं एक ढेकूळ उचलून त्यानं पाटाच्या पाण्यात टाकलं.

"मी म्हनलो असतो रं तवाच. आबांनी सांगितलं तवाच म्हनाय पायजे हुतं, कळत हुतं मला. जीभ रेटली न्हाई."

"का?"

"ते वळण तू बघितलं न्हाईस. मी बघितलंय." मग अगदी हळू म्हणाला, "आता म्होरं समदा उतारच हाय की मास्तर. सोड म्हनलो, आन् त्यानं सोडलं, तर?"

शिकलेलं सगळं आठवून बघितलं, पण त्यात हे कुठे नव्हतं. जड होऊन तो असा झिजत राहिला तर काय, आणि सोडायला लावल्यावर काही झालं तर काय... दोन्हीची जबाबदारी घ्यायची माझी तयारी नाही. ती त्याचीच आहे, असं म्हणून मी गप्प बसलोय. ज्या माणसानं मला इथवर आणलं त्याच्यासाठी मला एवढंच जमतंय.

कुणी म्हणेल रस्त्यावरचा पट्टा वैरणीचा होता, कॅरिअर धरल्याचा भास घाबरल्यामुळे झाला, बाकीचं मनाचं. मी स्वतः हेच सगळ्यांना सांगतो. मला अजून दुसरं काही सापडलेलं नाही, आणि हेही पटत नाही.

आम्ही अजून रविवारी सायकली काढतो. लांब जात नाही, फार तर नदीपर्यंत. फक्त आता मी पुढे असतो आणि दादा मागे. त्याच्या मागून चालवायला मला नको वाटतं. ती जागा रिकामी आहे असं मला वाटत नाही.