वस्ताद आणि मोकळा रकाना

वस्ताद माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या फडक्याकडे बघत. कुणी पेंटर काम मागायला दुकानात आला, आपण कुठकुठले बोर्ड केलेत आणि कुठकुठली बक्षिसं मारलीत ते सांगू लागला, की वस्ताद त्याला मधेच तोडत. "ते ऱ्हाऊ द्या पावणं. फडकं दावा." पाहुणा गोंधळून पिशवीतून ब्रश पुसायचं फडकं काढायचा. ते स्वच्छ निघालं की मुलाखत संपली. "ह्यो पुसत न्हाय, म्हंजे चुकत न्हाय. आन् चुकत न्हाय म्हंजे कामच करत न्हाय," असा निकाल देऊन ते पाहुण्याला चहा पाजत आणि वाटेला लावत.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका तालमीच्या भिंतीला टेकून त्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. वस्ताद म्हणायचं ते खरं म्हणजे कुस्ती शिकवणाऱ्याला. पण हे दिवसभर ब्रश चालवता चालवता आत लढणाऱ्या पोरांचे डाव दारातून मोठ्यानं चुकीचे ठरवत, म्हणून पेठेनं तो किताब त्यांनाच चिकटवून टाकला. अंगानं ते त्यांच्या ब्रशासारखेच होते. उंच, बारीक, आणि टोकाला मेंदीनं रंगवलेली दाढी. जन्मात कुस्तीची लांग चढवली नसेल. पण पैलवान त्यांना बिचकून असायचे.

मी पेठेत मावशीकडे राहून शिकत होतो. शिकत होतो हा मावशीचा समज. माझा मुक्काम वस्तादांच्या दुकानात असे. ते मला कोरा कागद कधी देत नसत. रोज सकाळी जुनं वर्तमानपत्र पुढ्यात टाकायचे, काळ्या रंगात बुडवलेला ब्रश हातात द्यायचे आणि म्हणायचे, "म्होरं दिसंल ते काढ. पेन्सिल न्हाय, रबर न्हाय. एका दमात." मी एकदा कोऱ्या कागदाचा हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "कोरा कागद बघितला की हात भितोय. ह्यो आधीच खराब हाय. तू आनि काय खराब करनार?" मग मी बातम्यांवरून आणि जाहिरातींवरून म्हशी काढायचो, धार काढणारे गवळी काढायचो, सायकलवरून घागर नेणारा तालमीतला पैलवान काढायचो. दुपारी त्यातल्याच काही कागदांनी आम्ही रंगाचे डबे पुसत असू, बाकीची रद्दी दुकानात साचत जाई.

कोऱ्या कागदाची भीती ही थट्टा नव्हती, हे मी सरकारी खर्चानं सिद्ध केलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत समोर पितळी तांब्या आणि दोन वांगी मांडली होती. एवढा पांढराशुभ्र कागद बघून मला घाम फुटला. तांब्याची चकाकी साधण्यात मी सगळा वेळ घालवला आणि वांगी काढायच्या आत घंटा झाली. नापास. पुढच्या वर्षी पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर दुपारी आहे असं मी स्वतःच ठरवलं, कारण सकाळी पेठेची फुटबॉल मॅच होती. पेपर सकाळीच होता. निकालात माझ्या नावापुढे 'गैरहजर' असं आलं. मॅचही आम्ही हरलो.

याची किंमत कळली ती मॅट्रिकनंतर. मला मुंबईच्या मोठ्या कला-कॉलेजात जायचं होतं. जागा मोजक्या, येणारी पोरं अख्ख्या महाराष्ट्रातून, आणि अर्जात रकाना होता : 'इंटरमिजिएट परीक्षेची श्रेणी'. आमचे आबा, म्हणजे वडील, बिद्रीला साखर कारखान्यात होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मुंबईवाल्यांनी घेतलं तर जा. न्हाय तर गळीत सुरू झालं की काट्यावर बसायचं, उसाच्या गाड्या वजन करत. परत चित्राचं नाव काढायचं न्हाय." आबा बोलले की ती रेघ पुसली जात नसे.

तेव्हा मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार कल्पना लढवली. मित्राचं सर्टिफिकेट घेऊन वस्तादांकडे गेलो आणि लाडात आलो. "वस्ताद, तुमचा हात म्हंजे छापखाना. अस्सल ह्याच्यागत एक रंगवून द्या की. नाव तेवढं माझं."

वस्तादांनी सर्टिफिकेट उजेडात धरलं, अक्षरं निरखली. "रंगिवतो की. त्यात काय. उद्या ये."

रात्रभर मी मुंबईत होतो. सकाळी गेलो तर दुकानाच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, पत्र्याचा नवाकोरा बोर्ड लटकत होता. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, त्यांना निळी सावली, कडेनं वेलबुट्टी. वर माझं पूर्ण नाव आणि खाली 'इंटरमिजिएट : एकदा नापास, एकदा गैरहजर'. तालमीतले झाडून सगळे पैलवान तो वाचायला उभे होते.

"अक्षर पसंत हाय का?" वस्तादांनी विचारलं. मला रडू आवरेना. तेव्हा त्यांनी मला आत ओढलं. "चाळीस वर्सं बोर्ड रंगिवतोय. खानावळ नसंल तर खानावळ लिवली न्हाय म्या. तुजंबी जे हाय तेच लिवलंय. अर्ज आन हिकडं."

त्यांनी अर्ज आणि सोबतचं माहितीपत्रक नाकाला लावून वाचलं. बारीक अक्षर कुणी वाचत नाही, पण ज्याचा धंदाच अक्षराचा त्याला ते सोडवत नाही. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती : प्रमाणपत्र नसल्यास उमेदवाराने स्वतःचे काम घेऊन समक्ष यावे. वस्तादांनी तिच्यावर बोट ठेवलं. "ह्यो बघ तुजा दरवाजा. रकाना मोकळा सोड. खोटं लिवू नगंस आन् माफीबी मागू नगंस."

पुढचे पंधरा दिवस मी 'स्वतःचं काम' केलं. म्हणजे कॅलेंडरवरून उतरवलं. चांदण्यातलं तळं, त्यात दोन हंस, काठावर वीणा घेतलेली बाई. अशी सहा. वस्ताद ब्रश चालवता चालवता बघत होते. निघायच्या दिवशी दुपारी चित्रं बांधायला बसले तेव्हा म्हणाले, "खाकी कागद संपलाय रं. ह्येच्यात गुंडाळतो." आणि माझ्या म्हशींची ती काळी रद्दी त्यांनी चांगली चार-चार पदरी गुंडाळली, म्हशी बाहेरून दिसतील अशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटीत बसल्याबरोबर मी गठ्ठा सोडला आणि म्हशी आतल्या बाजूला करून पुन्हा बांधला.

कॉलेजात टेबलापलीकडे तीन प्राध्यापक होते. मधले पांढऱ्या केसांचे. त्यांनी अर्ज बघितला.

"इंटरमिजिएटचा रकाना मोकळा आहे."

"व्हय साहेब. एकदा नापास, एकदा गैरहजर." बोर्ड पाठ होता.

"गैरहजर का?"

"पेठेची मॅच होती."

"जिंकलात?"

"न्हाय."

ते कडेला बघून हसले आणि मी गठ्ठा सोडला. रद्दी खाली फरशीवर टाकली, हंस टेबलावर मांडले. साहेबांनी ते बराच वेळ बघितले. "हंस कुठं पाहिलेत तुम्ही?"

"कॅलेंडरवर."

"आणि तळं?"

"तळं आमचंच हाय साहेब. रंकाळा."

"रंकाळ्यात हंस असतात?"

खोटं बोलू नकोस असं बजावलेलं. "न्हाय. म्हसरं असत्यात."

"मग म्हशी का नाही काढल्यात?"

मी खाली बघितलं. आत वळवलेल्या म्हशी आता फरशीवर उताण्या पडून सरळ वर बघत होत्या. "काढल्यात," मी पुटपुटलो, "पर ती रद्दी हाय."

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि चक्क उकिडवे बसले. एकेक कागद उचलून बाकीच्या दोघांच्या हातात देऊ लागले. धार काढणारा गवळी, घागर नेणारा पैलवान, पाण्यात बसलेल्या म्हशींची नुसती शिंगं आणि पाठी. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"वस्तादांनी."

"कुस्तीचे?"

"न्हाय. बोर्डाचे."

मला प्रवेश मिळाला. हंस मात्र साहेबांनी परत केले, आणि ते मावशीनं पुढं पंचवीस वर्षं देवघराशेजारी लावून ठेवले.

कोल्हापुरात येऊन मी धावत दुकानात गेलो. वस्ताद शिडीवर होते. "मिळालं? झ्याक झालं," म्हणाले आणि अक्षर पुरं करूनच खाली उतरले. संध्याकाळी स्वतः एसटी धरून ते बिद्रीला गेले आणि आबांना सांगून आले. दोघांत काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. आबा एवढंच म्हणाले, "मानूस सरळ हाय तुजा."

वस्तादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पुढं कला-शिक्षक झालो, आणि नियतीला विनोदबुद्धी असावी, कारण त्याच इंटरमिजिएटचा परीक्षकही झालो. अर्धवट वांगी दिसली की माझा हात थबकतो. कुणी पोरगं सर्टिफिकेटाविना वर्गात शिकायला येतं, तेव्हा मी त्याच्याकडे फडकं मागतो. पोरं हसतात. मी दाखवा म्हणतो.

परवा माझ्या भिंतीवरचा पत्र्याचा बोर्ड पुसताना प्रवेश मिळाल्यावर शिकायला मुंबईला निघालो तो दिवस पुन्हा आठवला. मी निरोप घ्यायला दुकानात गेलो होतो. पाया पडलो. वस्तादांनी दारावरचा बोर्ड खाली उतरवला. "ह्यो घिऊन जा. तिथं शेफारलास तर भिंतीला लाव."

आणि तो बांधायला म्हणून त्यांनी शिडीमागं हात घातला. 'संपलेल्या' खाकी कागदाचा गुंडाळा बाहेर काढला. माझ्या खांद्याइतका उंच, चांगला मांडीएवढा जाड. वरच्या पदरावर धूळ होती, आणि गेल्या गणपतीतल्या बोर्डांच्या लाल रंगाचे शिंतोडे वाळून काळे पडले होते.

मी गुंडाळ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"बघत काय हुबा ऱ्हायलास?" वस्ताद म्हणाले. "दोरी धर."