मागच्या गाडीचा ब्रेक

"काका, चावी काढू नका! ऑनला राहू दे!"

मी पिकअपच्या मागच्या हुकात टोचा, म्हणजे गाडी ओढायचा पट्टा अडकवत होतो आणि नामदेवकाका बंद टेम्पोत बसून आरामात चावी खिशात टाकत होते. चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं. मग पहिल्याच वळणाला पुढची गाडी वळते आणि मागची सरळ शेतात जाते.

"माझी गाडी हाय रं. मला नको शिकवू," काका बोलले. पण चावी परत लावली.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता. एप्रिलचं ऊन, दुपारचे बारा वाजून गेलेले. काकांच्या टेम्पोचा डिझेल पंप गेला होता आणि मागे हळदीच्या जेवणाची भांडी भरलेली होती. टोपं, कढया, पराती, शेगड्या. काका चामटोलीचे, आमच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक, पण भाचीची हळद धरणाच्या पलीकडच्या पाड्यात होती. आचारी सकाळीच येऊन बसला होता. संध्याकाळी सगळा पाडा जेवायला येणार, आणि मटण शिजवायला टोप नाही. दर पाच मिनिटांनी बहिणीचा फोन.

"आलोच गो, पोचलोच," काका सांगायचे आणि फोन ठेवून माझ्याकडे असे बघायचे की पंप मीच खाल्लाय.

घाई त्यांना होती, पण पाय माझे जास्त हलत होते. कारण ती पिकअप.

मी उल्हासनगरला गोपसेठच्या गॅरेजात मेकॅनिक. ही पिकअप गॅरेजच्या मागे चार वर्षं पडून होती. सीटवर मांजर व्यायली होती. चार महिने अंबरनाथहून दर रविवारी येऊन, सुट्टी जाळून, मी ती उभी केली. इंजिन खोललं, क्लच प्लेट टाकली, रेडिएटर साफ केला, मागे हुक वेल्ड केला. सेठ सिंधी माणूस, निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी बोलतो. तो सगळं बघत होता. शुक्रवारी बोलला, "साईं, सोमवार को भंगारवाला आएगा. उसके पहले एक टो करके दाखव. झाला तो गाडी रहेगी. नहीं तो जागा खाली कर."

आणि शनिवारी काकांचा फोन आला. म्हणजे हा पिकअपचा पहिला टो होता आणि बहुतेक शेवटचाही.

निघायच्या आधी मी काकांना नियम सांगितला. टो करताना उताराला ब्रेक मागच्याने मारायचा. पुढच्याने जोरात मारला तर पट्टा ढिला पडतो आणि मागची गाडी येऊन ढुंगणावर बसते. मागच्याने हळूहळू ब्रेक दाबून पट्टा ताठ ठेवायचा. आणि मागच्या गाडीचं इंजिन बंद असतं. चालू इंजिन ब्रेक दाबायला मदत करतं, बंद झालं की मदत बंद. पेडल दगड होतं.

हे मी साध्या आवाजात सांगू शकलो असतो. पण माझी सवय वाईट. शाळेत मी गुरुजींच्या आवाजात हजेरी घ्यायचो आणि मुलं हजर बोलायची. काकांचा आवाज तर गॅरेजात माझा हिट आयटम. कारण काकांना उतार दिसला की ते इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडतात. डिझेल वाचतं म्हणे. तर मी मान वाकडी करून, त्यांच्याच सुरात बोललो, "उताराला डिझेल कशाला जालायचा रं? देव ढकलतोय ना!"

काका हसले नाहीत. "चल, उशीर होतो," एवढंच बोलले.

चढ लागला. मी गाडी पहिल्या गिअरला टाकली. एक डोळा टेंपरेचरच्या काट्यावर, दुसरा आरशात, नाक क्लचच्या वासावर. क्लच जळायला लागला की जळलेल्या केसांसारखा वास येतो. मी नुसता हुंगत होतो. मोबाइल वाजला तर सीटवरून उडालो. सेठ.

"गाडी चली क्या?"

"चढतेय सेठ."

"धुआँ?"

"थोडा."

"थोडा कितना?"

मी फोन कापला. काटा लालच्या अलीकडे थरथरत होता. एका जागी चाक घसरलं, पट्टा कडकडला, मी दात दाबून धरले. आणि आलो वर. सपाटीवर गाडी आली तेव्हा मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. स्टेअरिंग सोडून. मला वाटलं, जिंकलो.

चार महिने मी गाडी चालावी म्हणून जे जे लागतं ते सगळं केलं होतं. पुढे होता उतार.

आता कबुली. पिकअपला ब्रेक ऑइल नेणारा मागचा एक लोखंडी पाइप गंजला होता. बरोबर साइजचा पाइप बाजारात दोन दिवसांनी येणार होता. दोन दिवस थांबणं माझ्या रक्तात नाही. आमच्या शेजारी फ्रिज रिपेअरवाला बसतो. त्याच्याकडून फ्रिजचा तांब्याचा पाइप घेतला, तोंड फुलवलं, नट आवळला, वीस मिनिटांत काम खतम. सेठने बघितलं आणि बोलला, "साईं, ब्रेक में आइस्क्रीम जमाएगा क्या?" मी त्याच्याच आवाजात उत्तर दिलं, "ठंडा ठंडा ब्रेक लगेगा, साईं!" सगळं गॅरेज हसलं. सेठही हसला. पाइप तसाच राहिला.

फ्रिजचा पाइप फ्रिजच्या कामाचा. फ्रिज खड्ड्यातून पळत नाही. गाडी हादरते, तांबं एका जागी वाकत राहतं आणि एक दिवस चिरतं.

तो दिवस शनिवार निघाला.

उताराच्या दुसऱ्या वळणाआधी मी वेग कमी करायला ब्रेकवर पाय ठेवला. पेडल मऊ लागलं. परत दाबलं. थेट पत्र्याला टेकलं. जुन्या गाडीत चारही चाकांना एकच लाइन असते. एक पाइप फाटला की चारही ब्रेक गेले. हँडब्रेक ओढला, तो हातात नुसताच आला. तो मी 'नंतर बघू'मध्ये ठेवला होता. गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर जाईना, नुसता करकरला.

डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली झाडं. वळणावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चाललेली. मी हॉर्न दाबून धरला आणि पेडल मारत राहिलो, जसं काय मारल्याने ते सुधारेल. माझ्याकडे पन्नास माणसांचे आवाज आहेत. त्या वेळी एकही निघाला नाही.

आणि मागून कोणीतरी गाडी धरली.

झटका नाही. हळूहळू, बैलाची वेसण ओढावी तशी. पट्टा ताणला, पिकअप कण्हली, वेग उतरत गेला. आरशात बघतो तर काका स्टेअरिंग छातीशी धरून, सीटवरून अर्धे उठून, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे. मागे टोपं एकमेकांवर आपटत होती. वळणाच्या अलीकडे दोन्ही गाड्या थांबल्या. मोळीवाली बाई बाजूला झाली, आमच्याकडे बघितलं आणि पुढे गेली.

मी उतरलो. काकांनी आधी टेम्पोचा हँडब्रेक ओढला, चाकांखाली दगड लावले, मग माझ्याकडे आले.

"तुम्हाला कळलं कसं?"

"तुझी ब्रेकची लाइट पेटत व्हती, विजत व्हती, न् गाडी पलतच व्हती. मी बोललो, गेला पोराचा ब्रेक."

"पण बंद गाडीचा ब्रेक एवढा बरोबर..."

"वीस वरसं उताराला इंजिन बंद करतोय," काका बोलले. "पाय कवढा दाबाचा ते मना नाय कलनार तं कोनाला? तू नक्कल करतोस ना त्याचीच?"

मी खाली बघितलं. रस्त्यावर ब्रेक ऑइलची रेघ होती.

स्पष्ट सांगतो, उताराला इंजिन बंद करणं चूकच आहे. कोणी करू नका. पण त्या दिवशी त्या चुकीनेच माझा जीव वाचवला, हेही लिहायला पाहिजे.

पक्कड काढली, फाटका पाइप चिरेच्या अलीकडे दुमडून चेपला. मागचे ब्रेक गेले, पण निदान पुढच्या दोन चाकांना ऑइल पोचेल. बाटलीत उरलेलं ऑइल टाकलं, हवा काढली. पेडल थोडं वर आलं. इतक्यात बहिणीचा फोन.

"आलोच गो," काका बोलले आणि माझ्या हातातून पिकअपची चावी घेतली. "पुढं मी. तू बस मागं."

उरलेला उतार मी बंद टेम्पोत केला. ब्रेक खरंच दगड असतो. मी लोकांना शंभर वेळा सांगितलं होतं, दाबला कधीच नव्हता. पाड्यात पोचलो तेव्हा मांड्यांना गोळे आले होते. आचाऱ्याने टोपं अशी उतरवली जशी ती त्याचीच पोरं.

मला जेवायला थांबवलं. आणि मंडपात, हळद लावलेल्या भाचीसमोर, काका उठले. खांदे उडवले, पाय नाचवले आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात बोलले, "काका, चावी काढू नका! पेडल दगड होतं, काका!" मग हॉर्न दाबून धरायची अॅक्शन केली. बायका हसून हसून पडल्या. मी नक्कल करणारा माणूस, मला माझाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला. फार वटवट करतो मी.

सोमवारी सेठ पिकअपखाली वाकला. चेपलेलं तांबं बघितलं. भंगारवाला दारात उभा.

"टो झाला?"

"झाला."

"और ये?"

मी सगळं सांगितलं. स्वतःच्या आवाजात.

सेठ हात पुसत उठला. मग भंगारवाल्याला बोलला, "गाडी अच्छी है. ये लड़का ले जा."

भंगारवाल्याने मला नेलं नाही. पिकअप राहिली, सगळे पाइप नवे, हँडब्रेक नवा. पण सेठचा हुकूम असा की पिकअप आता दुसरा मेकॅनिक चालवतो आणि टो करताना मागच्या बंद गाडीत मी बसतो. चार महिने जीव लावलेल्या गाडीचा मला फक्त मागचा फाळका दिसतो.

जुनी गाडी दुरुस्त झाली की सगळे एकच विचारतात, चालते का? मीही तेच विचारायचो. आता आधी विचारतो, थांबते का.