होल्यातला छर्रा

हिलालचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जळगावच्या कापूस प्रेसचा भोंगा पाचला व्हायचा आणि भोंग्याआधी दारात उभा नसलेल्या हमालाला त्या दिवशी काम नसायचं. पाठ गेल्यावरही तो चारलाच उठायचा. उठून ओट्यावर बसायचा.

पाठ कशी गेली ते मी पाहिलं आहे. प्रेसमधून निघालेली कापसाची गाठ आम्ही चौघं लोखंडी आकड्यांनी उचलायचो. त्या दिवशी एकाचा आकडा निसटला आणि वजन हिलालच्या कमरेवर आलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गाठ उचललीस तर उभा राहणार नाहीस. प्रेसने हातावर थोडी भरपाई ठेवली. तिच्यात त्याने भुसावळच्या एका इंजिन ड्रायव्हरची छर्ऱ्याची बंदूक घेतली. ड्रायव्हर देश सोडून चालला होता. बंदूक विलायती होती, नळी सरळ. यात्रेत फुग्यांची फळी लावायची आणि त्यावर पोट भरायचं, असं हिलालने ठरवलं.

पहिली यात्रा धुळ्याची, एकविरेची. छर्रे बाजारात सुटे, पुडीत बांधून मिळत, तेच त्याने घेतले. एकही फुगा धड फुटेना. यात्रेतले फळीवाले मुद्दाम नळी वाकवतात हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक होतं. हिलालही त्यांतलाच, असं लोकांनी धरलं.

"ओ आबा, नळी वाकडी करीसन लोकेस्ले लुटस का?" एकाने विचारलं.

"नळी सरळ शे, भाऊ."

"मंग मना डोया वाकडा शे का?"

लोक हसले. संध्याकाळी कुणीतरी फळीला लाथ घातली.

घरी येऊन हिलालने बंदूक विटांवर ठेवून दोरीने करकचून बांधली. समोर चुना फासलेली फळी लावली. बंदूक हलत नव्हती, तरी छर्रे वीतभर अंतराने लागले. म्हणजे दोष छर्ऱ्यांचा होता. काही छर्रे इतके सैल की नळी खाली केली की गळून पडत. काही इतके घट्ट की आत ढकलताना त्यांची कड फाटे. धुळं, चाळीसगाव, चोपडा, सगळीकडच्या पुड्या त्याने अशाच तपासल्या. त्या नळीच्या मापाचा छर्रा मिळाला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बायको यशोदाबाई शेंगा फोडायला जात होती, त्यावर चूल पेटत होती. बंदूक विकायला काढली तर छर्ऱ्याविना ती कुणी घेईना.

शेवटी कुणीतरी भिकमचंद शेठचं नाव सांगितलं. शेठचं जळगावात लोखंडी सामानाचं दुकान होतं. वडिलांनी जुन्या मालकाकडून ते घेतलं तेव्हा मालाबरोबर विलायती छर्ऱ्यांचे डबेही आले होते. शेठ जैन. त्यांच्या वडिलांनी डबे कपाटात घालून कुलूप लावलं होतं. विकायचे नाहीत, आणि कुणी उचलून नेईल म्हणून टाकायचेही नाहीत.

"हा पापाचा माल आहे, हिलाल," शेठ म्हणाले.

"शेठ, तुम्ही उंदराचा सापळा विकता."

"पिंजरा विकतो. त्यात उंदीर जिवंत राहतो."

"फुग्यात कुठं जीव असतो?"

शेठ हसले. "बंदूक फुग्यापाशी थांबेल याचा भरवसा कोण देणार?"

हिलाल दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही येऊन बसला. तिसऱ्या दिवशी शेठनी कपाट उघडलं आणि एक डबा तराजूत तोलला. अट एकच. यात्रा झाली की मारलेलं सगळं शिसं परत आणायचं. वजनाला वजन भरलं तर दुसरा डबा.

तो छर्रा अंगठ्याने दाबला की नळीत नीट बसे, ना सैल ना घट्ट. बांधलेल्या बंदुकीतून लागोपाठ मारले ते एकाच भोकात गेले. हिलालने फळीपाशी जाऊन त्या भोकावर बोट टेकवलं.

माघात एदलाबादला मुक्ताईची यात्रा भरली. फळीमागे त्याने ओलं पोतं टांगलं, खाली माती पसरली. फुगे फुटू लागले, माणसं रांग लावू लागली. रोज संध्याकाळी यशोदाबाई माती चाळून चपटं शिसं वेचायची.

शेवटच्या दिवशी एका पोराने बंदूक घेतली, फुग्यांवर धरली आणि अचानक वर केली. लिंबावर एक होला पक्षी बसला होता. तो खाली पडला.

"काय नेम शे, आबा," तो पोरगा खूश होऊन म्हणाला.

हिलालने त्याच्या हातून बंदूक काढून घेतली. होला उचलला, चाकूने छर्रा बाहेर काढला, धुतला आणि बाकीच्या शिशात टाकला.

"शेठले काही सांगू नका," यशोदाबाई म्हणाली. "वजन बरोबर शे, मंग बस."

वजन बरोबर भरलं. शेठनी कपाटाची किल्लीसुद्धा काढली. मग शिशात बोट फिरवताना ते थांबले. सगळे छर्रे फळीवर आपटून नाण्यासारखे चपटे झालेले, एक मात्र जसाच्या तसा.

"हा चपटा का नाही?"

हिलालला खोटं सुचलं नाही. "होल्यातून काढला, शेठ. मी नाही मारला."

"तू मारला नसशील. पण डबा माझ्या कपाटातून गेला." शेठनी किल्ली कमरेला लावली. "हे सगळं घेऊन जा. तो एक आधी उचल."

घरी तो छर्रा हिलालने दिव्याजवळ धरला. डब्यातला कोरा छर्रा एकही उरला नव्हता, पण याचा आकार शाबूत होता, नळीच्या बारीक रेघाही त्याच्यावर उठल्या होत्या. दुसऱ्या दिवशी छर्रा घेऊन तो लेथवाल्या पुना मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री म्हणाला, याच्या मापाचे छर्रे ओतायचा साचा होईल, पण दोन-तीनदा बिघडेल, आणि बिघडलेल्याची मजुरीही द्यावी लागेल.

पहाटे भोंग्याच्या आधी हिलाल प्रेसच्या दारात उभा होता. मी त्याला म्हणालो, परत जा. तो म्हणाला, "मंग खाऊ काय?"

यशोदाबाईने रोज पहाटे त्याची कंबर लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधली. हंगाम संपेपर्यंत त्याने गाठी उचलल्या. जड बाजू तो कुणाला देत नसे, कारण तसं केलं की मुकादम नाव कापतो. घरी जाताना तो भिंतीला धरून चाले. मिस्त्रीचा पहिला साचा सैल निघाला, दुसरा तडकला. तिसरा जमला.

चैत्रात धुळ्याला फळी पुन्हा लागली. चपटं शिसं वितळवून ओतलेले छर्रे नळीत बरोबर बसत होते. गेल्या वर्षी लाथ घातली गेली तिथेच लोक रांगेत उभे होते. हिलाल पोत्यावर बसून होता. बार भरायला नळी बिजागरीपाशी दुमडून खाली दाबावी लागते, ते त्याला जमेना. ते काम यशोदाबाई करत होती, पाय रोवून, दर बाराला.

त्या हंगामाची त्याची सगळी मजुरी साच्यात गेली होती. साचा लोखंडाचा, मुठीत मावेल एवढा. तो हिलालच्या मांडीवर ठेवलेला होता.