चादरीचं टोक

मोबाईलवर फोटोच्या कडा कापायला मी नुकताच शिकलो होतो, आणि नवीन शिकलेल्या माणसाचा हात आवरत नाही. गावच्या सभागृहात जुने फोटो लावायचं ठरलं, तेव्हा "सगळे माझ्याकडं पाठवा, स्वच्छ करून देतो," असं मीच ग्रुपवर लिहून बसलो. सेलममध्ये माझं गलाईचं दुकान. दिवसभर सोन्यातला कचरा काढायचा, फोटोतला काढणं काय अवघड? बहुतेक फोटोंत दोन्ही कडांना कुणाची तरी बोटं आलेली. ती कापली आणि फोटो ग्रुपवर सोडले. शाबासकीचे अंगठे मोजत बसलो.

संध्याकाळी गावाकडून शेजारच्या अमिनाचाचीचा फोन आला.

"माझी बोटं कापलीस त्याचं काय न्हाई रं. तुझ्या आयची कशाला कापलीस?"

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांना आठवत असेल, गलाईला निघालेल्या पोराचा फोटो काढायची आपल्याकडं रीतच होती. विट्याहून फोटोवाला सायकलवर यायचा. मागं म्हशी दिसू नयेत म्हणून पडदा हवा. गल्लीत धड चादर आमचीच, आणि ती धरायला ठरलेल्या दोघी: एका टोकाला आई, दुसऱ्याला चाची. मिलिटरीत निघालेली पोरं, नवरा-नवरी, बारशाची बाळं, सगळी त्याच निळ्या चादरीपुढं उभी राहिली.

फोटोवाला म्हणायचा, "वैनी, एक तुमचा काढू की."

आई म्हणायची, "मी म्होरं आले तर चादर कोण धरंल?"

सतराव्या वर्षी मी निघालो, त्या सकाळी आईनं डोक्यावर एवढं तेल थापलं की फोटोत ते अजून चमकतंय. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं आणि मी शिंक अडल्यासारखा चेहरा केला. मग ट्रंक उचलली. एसटी आली.

सेलमला मी तमिळमधून भाव करायला शिकत होतो, तेव्हा तापाचं निमित्त होऊन आई गेली. तार मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचा एकही फोटो नाही. हल्ली तिचा चेहरा आठवायला गेलो की बहिणीचा येतो, कधी चक्क चाचीचा. सभागृहाच्या भिंतीवर घराघरातली माणसं लागतील, आई तेवढी नसेल. आणि तिची जी चार बोटं होती, तीही मी साफ केली होती.

मूळ फोटोंवरच कात्री चालवली होती, म्हणून पुन्हा एकेकाच्या हातापाया पडून न कापलेले फोटो मागवले. रविवारी दुकान बंद ठेवून बायकोबरोबर बघत बसलो. तिनं सासूला कधीच पाहिलेलं नाही, तरी आत्याबाई म्हणते. उजवी कड, म्हणजे आईची बाजू, मोठी करून मी दाखवत गेलो: ही बोटं, ही काकणाची कड, हा करंगळीचा वाकडेपणा. शेवटी माझा फोटो आला. म्हटलं, "बघ, काय राजबिंडं ध्यान."

ती हसली नाही. फोन माझ्या हातातून घेऊन सगळे फोटो पहिल्यापासून परत बघून आली. माझ्या फोटोपाशी थांबली.

म्हणाली, "आवं, समद्यांच्या फोटूत चादर कशी ताठ हाय. तुमच्या फोटूत तेवढी आत्याबाईंच्या बाजूनं खाली आलीया."